साधकसमुदायात वाणीची मर्यादा

काशीच्या उत्तरेस सुमारे तीन कोसांवर सारनाथ आहे. इ. स. १९०४-०५ मध्ये तेथे झालेल्या उत्खननात सम्राट अशोकाच्या शिलास्तंभाचे भग्न तुकडे आणि त्यावरील चार सिंहांचे शीर्ष हाती आले. ते शीर्ष २६ जानेवारी १९५० रोजी भारताचे राजचिन्ह म्हणून स्वीकारले गेले. आज ते नाण्यानाण्यावर आहे आणि शाळेतील मुलासही ठाऊक आहे. पण ज्या स्तंभाच्या माथ्यावर हे सिंह उभे होते, त्या स्तंभाच्या अंगावर काय कोरलेले आहे, हे विचारणारा विरळा. स्तंभाचा खालचा भाग अद्याप जागच्या जागी आहे. त्यावर ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत राजाची आज्ञा आहे. तिचा आशय असा की, संघात कोणीही फूट पाडू नये. जो भिक्षू अथवा भिक्षुणी संघ फोडील, त्यास पांढरी वस्त्रे नेसवून संघाच्या निवासाबाहेर ठेवावे. या आज्ञेची एक प्रत उपासकांजवळ राहावी, आणि उपोसथाच्या दिवशी उपासकांनी व महामात्रांनी येऊन तिची ओळख दृढ करून घ्यावी, असेही तेथे म्हटले आहे.

हे वाचून विचारी मनुष्य क्षणभर थबकतो. ज्यांनी घरदार सोडले, ज्यांनी चित्त शांत करण्यासाठी आयुष्य वाहिले, अशांच्या समुदायाला ‘भांडू नका’ हे दगडावर कोरून सांगावे लागावे, याचा अर्थ काय? ध्यानाला बसणाऱ्यांनाही परस्परांशी कसे वागावे, कसे बोलावे याचे नियम हवेत काय? हवेत, तर ते कसे असावेत?

हा प्रश्न केवळ पुरातन नाही. आज शहरोशहरी ध्यानमंडळे निघाली आहेत. नोकरदार, गृहिणी, विद्यार्थी, वृद्ध असे अनेक जण एकत्र येऊन श्वासावर अथवा नामावर चित्त लावून बसतात, आणि नंतर आपापले अनुभव सांगतात, शंका विचारतात. आरंभी सर्व गोड असते. थोड्या दिवसांनी एकाच्या अनुभवास दुसरा ‘कल्पनेचा खेळ’ म्हणून हसतो. एक जण आपल्या गुरूची पद्धती तेवढी खरी असे ठासून सांगतो. पुत्रशोकाने पोळलेली एखादी माता ‘मन क्षणभरही ठरत नाही’ असे म्हणते, तेव्हा कोणी तिला ‘तुमचा प्रयत्नच अपुरा’ असे सुनावून मोकळा होतो. ती माता पुन्हा येत नाही. मंडळ तसेच चालू राहते. पण जिच्यासाठी ते चालवायचे, ती बाहेरच राहते.

यावर दोन मते ऐकू येतात. पहिले मत असे की, जो खरोखर जागरूक आहे त्याला नियमांची गरज नाही आणि जो जागरूक नाही त्याला नियम सुधारू शकत नाहीत. म्हणून नियम व्यर्थ होत. दुसरे मत असे की, कोणाचेही मन दुखावेल असा शब्दच उच्चारू नये, असा कडक निर्बंध घालावा म्हणजे वादाचे मूळच नाहीसे होईल. दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे. परंतु दोन्ही अपुरी आहेत. ती कशी, हे क्रमाने पाहू जावे.

प्रथम ध्यानाभ्यासात ज्याला ‘स्मृती’ म्हणतात, तिचा विचार करावा. पाली भाषेतील ‘सति’ हा शब्द संस्कृत ‘स्मृति’ या शब्दाचेच रूप आहे. बौद्ध ग्रंथांत त्याचा अर्थ, समोर आलेल्या विषयापासून चित्त न ढळू देणे, सावध राहणे, असा आहे. श्रीमद्भगवद्गीतेत ‘स्मृति’ म्हणजे शास्त्राने व आचार्यांनी दिलेल्या विवेकाचे ऐन वेळी स्मरण होणे. दोन्ही अर्थ तंतोतंत एक नव्हेत, आणि त्यांची सरमिसळ करू नये. तथापि जे कळले ते ऐन वेळी हातून निसटू नये, हा भाव दोहोंत समान आहे. आता दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी मनुष्याच्या नाशाची जी पायरी-पायरी सांगितली आहे, तिकडे लक्ष द्यावे. विषयचिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, आणि त्यातून बुद्धिनाश. क्रोध आणि स्मृतिनाश यांच्यामध्ये केवळ एकच पायरी आहे. स्मृती साधावी म्हणून जेथे माणसे जमतात, तेथे उद्धट शब्दाने एखाद्याच्या मनात क्रोध उठविणे म्हणजे जे रोप लावण्यास सर्व आले, त्याच्याच मुळाशी विस्तव ठेवणे होय. म्हणून अशा समुदायात वाणीची मर्यादा हा बाहेरचा शिष्टाचार राहत नाही; ती साधनेचेच अंग ठरते. जो ‘मी ध्यान उत्तम करतो, बोलण्यात मात्र थोडा तिखट आहे’ असे म्हणतो, त्याने आपले ध्यान पुन्हा तपासावे.

साधकांतील कलह बहुधा किती क्षुल्लक कारणावरून पेटतो, याचे उदाहरण कौशांबीचे आहे. बौद्ध अट्ठकथेत सांगितले आहे की, तेथील एका धर्मोपदेशक भिक्षूने शौचालयातील पात्रात उरलेले पाणी तसेच ठेवले. विनयाचे जाणकार असलेल्या दुसऱ्या भिक्षूने तो दोष असल्याचे त्यास सांगितले. पहिला म्हणाला की, मला ठाऊक नव्हते, दोष असेल तर मी तो कबूल करतो. दुसऱ्याने उत्तर दिले की, हेतू नसेल तर दोष नाही. गोष्ट येथेच संपली होती. पण नंतर या विनयज्ञाने आपल्या शिष्यांजवळ म्हटले की, त्या भिक्षूला आपला दोषही कळत नाही. शिष्यांनी ते दुसऱ्या बाजूच्या शिष्यांना ऐकविले. त्यांनी आपल्या गुरूला सांगितले. गुरू म्हणाला की, आधी दोष नाही म्हणाला आणि आता आहे म्हणतो, तो खोटे बोलतो. पाहता पाहता संघ दुभंगला. स्वतः बुद्धांनी समजावूनही ते ऐकेनात, तेव्हा ते त्यांना सोडून एकटेच वनात निघून गेले. पुढे गृहस्थांनी भिक्षूंचा आदरसत्कार थांबविला, तेव्हा त्यांचे डोळे उघडले.

या कथेत लक्षात घेण्यासारखे हे आहे की, समोरासमोर झालेल्या संभाषणाने काहीच बिघडले नव्हते. बिघडले ते पाठीमागे उच्चारलेल्या एका वाक्याने. भांडण पाण्याचे नव्हतेच. ‘मला अधिक कळते’ या अभिमानाचे होते. विषयांचा त्याग केलेल्यालाही त्यागाचा अभिमान सोडवत नाही, ज्ञान मिळविलेल्याला ज्ञानाचा. साधकाचे वैर संसारी माणसाच्या वैरापेक्षा अधिक चिवट असते, कारण त्याला ते धर्मासारखे वाटते.

संबोधन हे वाणीचे पहिले पाऊल. त्याचा विचार सारनाथच्या, म्हणजे त्या काळच्या ऋषिपत्तन मृगदावाच्या भूमीवर फार पूर्वी झाला. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध तेथे येत आहेत असे पाहून त्यांच्या पाच जुन्या सोबत्यांनी आपसांत ठराव केला. तपश्चर्या सोडून सुखाकडे वळलेला गौतम येत आहे; त्याला वंदन करू नये, उठून उभे राहू नये, त्याचे पात्र व चीवर हाती घेऊ नये; आसन मात्र असू द्यावे, बसावयाचे तर बसो. साधकांच्या त्या लहानशा मंडळाचा हा ठराव अनादराचा होता. पण बुद्ध जवळ आले, तेव्हा ठराव कोणाच्याच हातून पाळला गेला नाही. एकाने पात्र-चीवर घेतले, एकाने आसन मांडले, एकाने पाय धुण्यास पाणी आणले. केवळ एक गोष्ट राहिली: ते त्यांना नावाने आणि ‘आवुसो’ असे बरोबरीच्या मित्रासारखे हाक मारू लागले, त्यावर बुद्धांनी त्यांना तसे न म्हणण्यास सांगितले. गंमत अशी की, ‘आवुसो’ हा शब्द ‘आयुष्मत्’ यापासून आलेला आहे. त्याचा मूळ अर्थ दीर्घायुष्याच्या शुभेच्छेचाच आहे. शब्द शुभ असूनही त्याचे स्थान चुकले, की आदर निघून जातो. पुढे निर्वाणसमयी बुद्धांनी, वडील भिक्षूंनी धाकट्यांना व धाकट्यांनी वडिलांना कसे संबोधावे, हे स्पष्ट ठरवून दिले.

गीतेच्या अकराव्या अध्यायातही हीच वेदना आहे. विश्वरूप पाहिल्यावर अर्जुनाला आठवते की, सख्यत्वाच्या भरात आपण श्रीकृष्णांना अरे-तुरेच्या सलगीने हाका मारल्या; खेळताना, निजताना, बसताना, जेवताना थट्टेने त्यांचा अवमान केला. त्या सर्वांची तो क्षमा मागतो. आणि विशेष हे की, एकांतात केलेल्या अवमानाची तो चारचौघांत केलेल्या अवमानाइतकीच क्षमा मागतो. अर्जुनाचा अपराध द्वेषाचा नव्हता. समोर कोण आहे याचे भान नव्हते, एवढाच होता. साधकाने यातून एवढे घ्यावे की, शेजारी बसलेल्या साध्या दिसणाऱ्या मनुष्याचे खरे स्वरूप त्यालाही ठाऊक नाही. गीतेच्या शिकवणुकीप्रमाणे त्याच्या हृदयात तोच ईश्वर वसतो. आदर हा त्या अज्ञात स्वरूपास दिलेला मान आहे. समोरच्याच्या पदवीवर तो अवलंबून नाही.

आता नियम केव्हा करावेत? विनयग्रंथात एक मार्मिक प्रसंग आहे. सारिपुत्रांनी बुद्धांना विनंती केली की, संघ दीर्घकाळ टिकावा म्हणून आताच नियम घालून द्यावेत. बुद्धांनी त्यांना थांबविले. संघात दोष प्रकट होत नाहीत तोवर नियम नको, असे त्यांचे उत्तर होते. पाली पातिमोक्खात भिक्षूंसाठी जे २२७ नियम आहेत, त्यांना विनयग्रंथात निमित्तकथा जोडलेल्या आहेत: कोणी काय केले, त्याने कोणास पीडा झाली, मग नियम कसा आला. नियमामागील ती पीडा जोवर स्मरणात असते, तोवर नियम जिवंत राहतो. संशयाने आधीच रचलेली निर्बंधांची यादी मात्र येणाऱ्या प्रत्येकास चोर समजून दाराशी उभी राहते. म्हणून थोडे नियम असावेत, कारणासहित असावेत आणि अनुभवाने वाढावेत.

‘मग बोलूच नये, मौन हाच उत्तम नियम’ असे कित्येकांस वाटते. कोसल देशातील काही भिक्षूंनी हेच केले होते. वर्षाकाळ सुखाने, कलहावाचून जावा म्हणून त्यांनी तीन महिने परस्परांशी न बोलण्याचे ठरविले. काही लागल्यास हाताच्या खुणेने बोलवीत. चातुर्मासानंतर अभिमानाने हे सांगण्यास ते गेले, तेव्हा बुद्धांनी त्यांची प्रशंसा न करता निर्भर्त्सना केली. पशूंसारखे एकत्र राहिलात आणि त्यालाच सुख म्हणता, असा त्या बोलण्याचा रोख होता. ज्या सोबतीत एकाला दुसऱ्याची चूक सांगता येत नाही, ती सोबत शांत दिसते, पण साधकाच्या उपयोगाची नसते.

येथे गीतेतील एक सूक्ष्म व्यवस्था पाहण्यासारखी आहे. सतराव्या अध्यायात शरीर, वाणी व मन यांची तीन तपे सांगितली आहेत. त्यांत मौनाची गणना वाणीच्या तपात नसून मनाच्या तपात आहे. जीभ आवरली आणि मन तंटत राहिले, तर ते मौन नव्हे. वाणीचे तप म्हणजे न बोलणे नव्हे. उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असे बोलणे, आणि स्वाध्याय. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे १९७६ पासून चालत आलेल्या विपश्यना केंद्रातही दहा दिवसांच्या शिबिरात साधकांना आपसांत मौन पाळावे लागते. परंतु आचार्यांना शंका विचारण्याची मोकळीक असते, आणि दहाव्या दिवशी मौन सोडविले जाते, ते साधकाने जगात परतून बोलावयाचे आहे म्हणूनच. मौन ही तयारी. कसोटी बोलण्यात आहे.

खरी अडचण पुढेच आहे. सत्य आणि प्रिय एकत्र येत नसतील, तर काय करावे? आचार्य शंकर आपल्या भाष्यात सांगतात की, हे सर्व गुण एकत्र असतील तरच ते वाणीचे तप. एकही उणा असेल तर नाही. त्यांनी उदाहरण घेतले आहे तेही ‘वत्स’ म्हणून हाक मारून केलेल्या हितोपदेशाचे. म्हणजे सत्य गिळून टाकावे असे नाही. ते प्रिय होईल अशा मुखाने व अशा वेळी सांगावे. विनयातही दुसऱ्यास दोष दाखविणाऱ्याने पाच गोष्टी पाहाव्यात असे सांगितले आहे: योग्य वेळी बोलावे, खरे बोलावे, मृदू बोलावे, हिताचे बोलावे, आणि मैत्रीच्या चित्ताने बोलावे, द्वेषाने नव्हे.

तथापि येथे एक सावधगिरी अवश्य हवी. आदराचा नियम कित्येकदा थोरांच्या दोषांवरचे पांघरूण होतो. मंडळाचा चालक पैशांत अथवा वर्तनात चुकला आणि एखाद्या धाकट्याने ते विचारले, की ‘हा अनादर आहे’ असे म्हणून त्याचे तोंड बंद करता येते. असा आदर अधर्माचा पहारेकरी होय. कोसलातील त्या मुक्या वर्षावासानंतर बुद्धांनी जो विधी घालून दिला, त्याचे नाव पवारणा. वर्षाकाळाच्या शेवटी प्रत्येक भिक्षू संघापुढे हात जोडून विनवितो की, माझ्याविषयी कोणी काही पाहिले असेल, ऐकले असेल वा शंका घेतली असेल, तर करुणेने सांगावे. कळल्यावर मी सुधारेन. आणि ही विनवणी प्रथम करतो तो संघातील सर्वांत वडील भिक्षू. धाकट्याने थोरास दोष दाखविण्याचे धैर्य करावे, अशी वाट येथे पाहिलेली नाही. थोरानेच आधी मान लववावी, अशी योजना आहे. आदराची याहून चोख कसोटी दुसरी नाही.

मतभेदाचेही असेच. काशी ही शास्त्रार्थाची नगरी. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार केले आहेत: तत्त्वनिर्णयासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःचे मत न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडणे ती वितंडा. गुरू, शिष्य, सहाध्यायी व मत्सररहित श्रेयार्थी यांच्याशी वाद करावा. जल्प आणि वितंडा ही रोपाभोवती घातलेल्या काटेरी कुंपणासारखी आहेत. कुंपण बाहेर घालावयाचे असते. वाफ्यात काटे पेरणारा माळी शहाणा नव्हे. भगवंतांनीही विभूतियोगात वादालाच आपली विभूती म्हटले आहे. १६ नोव्हेंबर १८६९ रोजी काशीच्या आनंदबागेत स्वामी दयानंद आणि काशीचे पंडित यांच्यात, काशीनरेशांच्या उपस्थितीत, मूर्तिपूजेवर शास्त्रार्थ झाला. कोणाचा पक्ष सबळ, हा येथे विषय नाही. पण सभा गलबल्यात उठली आणि विजय दोन्ही पक्षांनी आपलाच सांगितला. जेथे जिंकणे हा हेतू होतो, तेथे निर्णय होत नाही. याच काशीत शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये, एकनाथ महाराजांचे मराठी भागवत पूर्ण झाले. प्राकृतात भागवत आणले म्हणून विद्वानांचा रोष झाला, आणि ग्रंथ ऐकल्यावर त्याच काशीने त्याची मिरवणूक काढली, असे परंपरा सांगते. न ऐकता केलेला रोष आणि ऐकल्यावर उठलेला जयघोष, यांतील अंतर एवढेच की मध्ये ऐकणे घडले.

इतके करूनही कोणी समुदाय फोडीतच राहिला तर? अशोकाच्या आज्ञेत दंड आहे. पण तो मारहाणीचा अथवा बंदिवासाचा नाही. पांढरी वस्त्रे ही गृहस्थाची वस्त्रे. ‘तू अजून या व्रतास सिद्ध नाहीस, घरच्या आश्रमात परत जा’ एवढाच त्याचा अर्थ घेता येतो. समुदायाचे रक्षण करणे हे कर्तव्य आहे. पण ज्याला दूर केले त्याचा तिरस्कार करणे हे कर्तव्य नाही. गीता तर सांगते की कल्याणाच्या मार्गास लागलेला कोणीही दुर्गतीस जात नाही. दार बंद करताना कडी आतून घालावी. कुलूप कायमचे लावू नये.

या सर्वाचे सार साधकमंडळांस उपयोगी पडावे म्हणून थोडक्यात असे:

१. प्रत्येकास मानाने संबोधावे. सलगी वाढली तरी मर्यादा सोडू नये.

२. दुसऱ्याचा अनुभव हा त्याने विश्वासाने ठेवलेली ठेव समजावा. त्याची थट्टा करू नये, आणि त्याच्या अनुज्ञेवाचून तो बाहेर सांगू नये.

३. न विचारता उपदेश करू नये. दुःखितास आधी ऐकावे. पुष्कळदा तेवढेच पुरे असते.

४. ज्याच्याविषयी सांगावयाचे, ते त्यालाच सांगावे. पाठीमागील एका वाक्याने कौशांबी दुभंगली, हे विसरू नये.

५. क्रोध उठला असता त्या क्षणी उत्तर देऊ नये. स्मृती परत आल्यावर बोलावे.

६. चर्चा तत्त्व जाणण्यासाठी करावी. आपल्या पद्धतीचे गुण सांगावेत. दुसरीची निंदा करू नये.

७. वर्षातून एकदा तरी चालकांनी व ज्येष्ठांनी प्रथम आपले दोष विचारावेत, आणि जो सांगेल त्याचे रक्षण करावे.

८. नियम थोडे असावेत, सर्वांस ठाऊक असावेत, आणि ठराविक दिवशी मोठ्याने वाचले जावेत.

आरंभी म्हटलेल्या दोन मतांचे उत्तर यातच आहे. जागरूक मनुष्याला नियम नको, हे खरे. पण अखंड जागरूक असा मनुष्य मंडळात येत नाही, येतो तो अधूनमधून जागा होणारा, आणि त्याच्या झोपेच्या क्षणी नियम त्याला सांभाळतो. कोणाचे मन दुखवू नये, हेही खरे; पण मन न दुखविण्याच्या भयाने सत्यच बोलावयाचे थांबले, तर सर्वांचेच अहित होते.

गीता हा स्वतः एक संवाद आहे. अठरा अध्याय उपदेश केल्यावर भगवंत अर्जुनास अखेर असे सांगतात की, हे ज्ञान तुला सांगितले, याचा पूर्ण विचार कर आणि मग इच्छा असेल तसे कर. सर्वज्ञ गुरू, शरण आलेला शिष्य, समोर उभे ठाकलेले युद्ध, आणि तरीही निर्णय शिष्याच्या हाती! यानंतर काही श्लोकांतच अर्जुन सांगतो की, मोह नष्ट झाला, स्मृती प्राप्त झाली. जी स्मृती क्रोधाने जाते, ती अशा आदराने परत येते. मंडळातून उठून गेलेल्या त्या शोकार्त मातेला पुन्हा बोलावून आणावे, तिच्याजवळ बसावे, आणि तिचे म्हणणे ती थांबेपर्यंत ऐकावे. ज्या मंडळाकडून एवढे घडेल, त्याचे ध्यान सफल झाले असे समजावे.

॥ हरिः ॐ तत्सत् ॥